थांबलो की गाडी थांबते

माझ्या डाव्या पायाला चार बोटं आहेत. पाचवं, करंगळीचं, अकोल्याच्या दवाखान्यात राहिलं. बाकीचा पाय शाबूत आहे आणि तो कसा राहिला ते मी लिहून काढतोय. त्या दवाखान्यातल्या बाकड्यावर मी माणसं पाहिली, सगळी आपापल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत गप्प बसलेली. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. मीही सांगितलं नाही. तेव्हा लाज वाटली, आता सांगतो.

मी सुखदेव. वय त्रेसष्ट. जानेफळ ते मेहकर रोडवर अठ्ठावीस वर्षं काळीपिवळी चालवली. दहावीपर्यंत शिकलोय, म्हणून लिहिताना शाळेतली भाषा लिहितो. बोलतो मात्र वऱ्हाडी. कोणाला हसायचं त हसा.

गाडीवाला

आमच्या धंद्याचा एकच नियम. रस्त्याच्या कडेला माणूस उभा दिसला की ब्रेक मारायचा. तो कुठं चालला, येणार की नाही, हे मागून विचारायचं. चालत जाणारा दिसला तरी हॉर्न द्यायचा. मी कोणाला पायी जाऊ दिलं नाही आणि स्वतःही कधी गेलो नाही. घरासमोर गाडी, गाडीतून स्टँड, स्टँडवर चहा आणि बिडी. दिवसाला दोन बंडल सहज व्हायची. हिवरा आश्रमाच्या उत्सवात तर सकाळी स्टिअरिंगवर बसलो की संध्याकाळीच उतरायचो. सिंधू, म्हणजे माझी बायको, म्हणायची की या माणसाला पाय फक्त क्लच दाबायला दिले आहेत.

तीन वर्षांपूर्वी गाडी विकली. त्याच वर्षी पुण्यात आमच्या मुलाला, राहुलला, मुलगा झाला. सून नोकरीवाली. सिंधू सहा महिन्यांसाठी म्हणून गेली. सहाचे बारा झाले, बाराचे चोवीस. भांडण नाही, तंटा नाही, कोणी वाईट वागलं म्हणावं तर तेही नाही. नातवाला आजीची सवय लागली आणि मला एकट्याच्या भाकरीची.

मीही पुण्याला जाऊन पाहिलं. अकरा दिवस राहिलो. नवव्या मजल्याच्या खिडकीत बसून खालच्या गाड्या बघायच्या, त्यात एकही ओळखीची नाही. बाराव्या दिवशी सरळ जानेफळ गाठलं. सिंधूनं अडवलं नाही, याचा मला तेव्हा राग आला होता.

पोटरी

आमचं घर गावाच्या पार टोकाला, नव्या प्लॉटवर. तिथून स्टँड दीड किलोमीटर. गाडी विकल्यावर पायी जायची वेळ आली तेव्हा कळलं की शंभर-सव्वाशे पावलं टाकली की डावी पोटरी कोणीतरी धुणं पिळावं तशी पिळतंय. उभा राहिलो की चार-पाच मिनिटांत दुखणं जायचं. पुन्हा चाललो की पुन्हा तेच. मी म्हटलं वात असेल. तिळाचं तेल चोळलं, गरम विटेनं शेकलं. असे सहा महिने घालवले.

शेवटी मेहकरला डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी उजव्या पायाच्या घोट्यापाशी एक लहानसं यंत्र टेकवलं. त्यातून सूं-सूं असा आवाज यायला लागला. म्हणाल्या, हे तुमचं रक्त चाललंय. मग डाव्या पायाला टेकवलं. काही नाही. जागा बदलली. काही नाही. मी म्हटलं, "मॅडम, सेल गेले काय?" त्या हसल्या नाहीत.

मी कोणता धंदा करायचो ते त्यांनी विचारलं आणि मग मला समजेल असंच सांगितलं. "काका, पायाला रक्त नेणारा मेन रोड बंद पडत आलाय. बिडीनं आणि शुगरनं. आता आजूबाजूचे पांदण रस्ते मोठे करावे लागतील. बारक्या रक्तवाहिन्या असतात, त्यांना काम दिलं तर त्या वाढतात. काम म्हणजे चालणं. दुखेपर्यंत चाला. दुखलं की उभे राहा. दुखणं गेलं की पुन्हा चाला. असं रोज अर्धा-पाऊण तास. आणि बिडी आजपासून बंद."

"अन् नाही चाललो त?"

"तर आधी बोट काळं पडेल. मग पाय."

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी सिंधूला फोन लावला. मागं नातू रडत होता. मी सगळं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं.

"मी येऊ काय?" ती म्हणाली.

"कायले येतं तू? चालाले त सांगतलं फक्त."

"मंग चाला बरं. रोज फोन करीन मी, सांगजा मले."

फोन ठेवल्यावर वाटलं, अजून एकदा तरी विचारायचं होतं तिनं.

बसा भाऊ

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सव्वाशे पावलांवर पोटरी भरून आली. बाईंनी सांगितलं तसा रस्त्याच्या कडेला विजेच्या खांबाला धरून उभा राहिलो. आणि आमच्या रोडवर कडेला उभा राहिलेला माणूस म्हणजे गाडीची वाट बघणारा माणूस. अठ्ठावीस वर्षं मीच हे सगळ्यांना शिकवलं होतं.

पहिलीच मोटरसायकल थांबली. गजानन. स्टँडवर त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे, चाळिशीतला माणूस, शाळेत असताना रोज माझ्याच गाडीच्या टपावर बसून मेहकरला जायचा.

"बसा भाऊ."

"नाही गड्या, चालून राह्यलो."

"चालून कुठी राह्यले? उभे त हा!"

आता याला काय सांगावं! मी म्हटलं, "डॉक्टरनं सांगतलं चालाले."

"डॉक्टर सोता कारमंधी फिरते अन् तुमाले पायी चालवते! बसा, बसा. तुम्ही आमाले कधी पायी जाऊ देलं काय?"

आमच्याकडे बस म्हटल्यावर बसलं नाही की समोरच्याचा चेहरा उतरतो. आपल्या गाडीत काय खोट आहे, असं त्याला वाटतं. म्हणून बसलो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण खरी गोष्ट सांगायला बसलोय तर सांगतो. आदल्या दिवशी मेहकरहून परत आल्यापासून माझ्याशी बोललेला तो पहिला माणूस होता. स्टँडपर्यंत पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत त्यानं सोयाबीनचं, त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाचं आणि बीबी गावच्या बाजारात हरवलेल्या त्याच्या मोबाइलचं सांगून टाकलं. मी मागं बसून हूं हूं करत होतो आणि मला फार बरं वाटत होतं.

मग तशी सवयच पडली. सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघायचं. पहिल्या खांबापर्यंत चालायचं. पोटरी दुखली की उभं राहायचं. खरं तर चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोटरी दुखायच्या आधीच मी उभा राहायला लागलो. कोणीतरी यायचंच. कोणी जयभीम करायचं, कोणी रामराम, आणि सगळे बसा म्हणायचे. परत येतानाही तसंच. बिडी सोडली म्हणून बाईंना सांगितलं होतं, तीही स्टँडवर कोणी पुढं केली की घ्यायचो.

संध्याकाळी सिंधूचा फोन यायचा. "चालले काय आज?"

"हाव. स्टँडावर जाऊन आलो."

"शाब्बास," ती म्हणायची. चार महिने रोज मी ती शाब्बासकी घेतली.

करंगळी

नव्या चपलेनं करंगळीला चावलं. एवढासा फोड, ज्वारीच्या दाण्याएवढा. कोणाला दाखवावं? घरात कोणी नाही. हळद लावली. आठ दिवसांनी तो ओला होता, पंधरा दिवसांनी बोटाचा रंग जांभळा आणि मग एके सकाळी पाहतो तर जळक्या काडीसारखं काळं. मी पलंगावर बसून त्या बोटाकडे बघत राहिलो आणि मोठ्यानं रडलो. घरात कोणी ऐकणारं नाही याचा तेवढा एक फायदा.

मेहकरच्या बाईंनी त्याच दिवशी अकोल्याला पाठवलं. गजाननच घेऊन गेला, कोणाची तरी कार मागून. तिथं मांडीच्या नसेतून तार घातली आणि बंद जागेवर फुगा फुगवून रस्ता थोडा उघडला. करंगळी मात्र काढावी लागली. मोठ्या डॉक्टरांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. म्हणाले, आत्ता बोटावर भागलं आहे. जखम भरल्यावर चालला नाहीत आणि बिडी ओढलीत तर ही नळी पुन्हा बंद होईल आणि पुढच्या खेपेला गुडघ्याखालून कापावं लागेल.

वॉर्डातला दिवस फार लांब असतो. सहाला चहा, सातला झाडू, नऊला ड्रेसिंगची ट्रॉली. ट्रॉलीची चाकं वाजली की आम्ही सगळे पेशंट छताकडे बघायला लागायचो. माझ्या शेजारी तेल्हाऱ्याचे एक गुरुजी होते, त्यांचा पाय आधीच गेलेला. त्यांच्या अंगठ्याला खाज सुटायची, नसलेल्या अंगठ्याला. ते मला म्हणायचे, जरा खाजवा हो. मी चादरीवरून खाजवल्यासारखं करायचो आणि त्यांना बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सिंधू आली. एकटी, एक पिशवी घेऊन. आल्या आल्या तिनं चादर बाजूला केली, पट्टी पाहिली आणि पुन्हा नीट झाकली.

"तुम्ही त रोज स्टँडावर जात होते ना?"

"जात होतो," मी म्हटलं. "गाडीवर बसून."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हंजे चार महिने मी कोणाले शाब्बास म्हणत होती?" आणि उठून व्हरांड्यात गेली. अर्ध्या तासानं परत आली आणि मोसंबी सोलायला बसली.

सिंधूची अट

घरी आलो. जखम भरायला दोन महिने लागले. ते दोन महिने सिंधू घरी होती. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज, दुपारी तिचं शेजारणीशी बोलणं, संध्याकाळी तिचं माझ्यावर ओरडणं. मी पलंगावर पडून हे सगळं ऐकायचो. पायाला ठणका होता तरी मी खूश होतो, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

राहुलचे फोन यायला लागले. पाळणाघरात पोरगा आजारी पडत होता, सून सुट्ट्या घेऊन थकली होती. त्याचंही चुकत नव्हतं. एके दिवशी सिंधूनं त्याला माझ्यासमोर सांगितलं, "तुझे बाबा घरून स्टँडावर न थांबता चालत गेले, का त्या दिवशी मी येतो. तवालोक मी हालत नाही इथून."

ऐकून छाती भरून आली. मग रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्या डोक्यात हिशोब लागला. बरा झालो तर सिंधू जाईल. बरा झालो नाही तर पाय जाईल. यात विचार करण्यासारखं काही नाही असं तुम्ही म्हणाल. मी तीन दिवस केला. जखम भरली होती, बाईंनी चाला म्हणून सांगितलं होतं आणि मी आज जरा दुखतंय म्हणून पडून राहिलो. चौथ्या दिवशी गुरुजींची आठवण झाली, खाजवा हो म्हणणारे. उठलो आणि निघालो.

सटकला

पहिल्या खांबापाशी उभा राहिलो आणि गजानन हजर.

"बसा भाऊ. आता त बोटबी नाही तुमाले."

त्यानं काळजीनंच म्हटलं. पण माझं डोकं फिरलं. सगळा राग, बोटाचा, बिडीचा, पुण्याचा, त्याच्यावर निघाला. मी ओरडलो, "तुमच्या बसा-बसानं माह्यं बोट गेलं बे! आता पाय नेतं काय? निंघ इथून!"

बिचारा गाडी तशीच पहिल्या गिअरमध्ये रेटत गेला. दुपारपर्यंत गावभर झालं, सुखदेवभाऊ सटकला, त्याले कोणी बसा म्हणू नका.

आणि खरंच कोणी म्हणेना. गाड्या यायच्या, माझ्याजवळ आल्यावर वेग वाढवायच्या आणि जायच्या. मी चालायचो, थांबायचो, चालायचो. इतका एकटा मी भरल्या रस्त्यावर कधी नव्हतो. दिवाळीत मेहकरच्या स्टँडवर गर्दीत उभं राहून ज्यांची नावं घेऊन हाका मारल्या, ती माणसं मान वळवून जात होती. कधी कधी वाटायचं, एकदा कोणी थांबावं, नुसतं विचारावं, मी बसणार नाही. तेही होत नव्हतं.

आठवड्यानं मी गजाननच्या दुकानात गेलो. म्हटलं, "चुकलं माह्यं." तो खुर्ची पुढं करत "बसा" म्हणाला, मग दचकून खुर्ची मागं ओढली. "नाही नाही, उभे राहा तुम्ही." दोघंही हसलो. बाकी गावाला मात्र मी काही सांगत बसलो नाही. ते तसंच बरं होतं, पायासाठी.

ज्यांना पायाचं हे दुखणं आहे त्यांना माझ्याकडून एवढंच. पायावर जखम असताना माझं ऐकून चालू नका, आधी डॉक्टरांना विचारा. रोज तळपाय बघा, दिसत नसेल तर आरसा धरा. जखम नसेल आणि डॉक्टरांनी चाला म्हटलं असेल तर चाला. पहिले पंधरा दिवस काहीच फरक पडत नाही, तेव्हाच माणूस सोडतो. मला एका खांबाचे दोन खांब व्हायला तीन आठवडे लागले. मग चार झाले, सात झाले. झोप लागायला लागली. शुगर उतरली. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली, ती बिडीमुळे होती हे मला आधी माहीतच नव्हतं. आणि बरोबर कोणी चालत नसेल तर करमत नाही, हेही खरं आहे. त्यावर बाईंकडे औषध नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी डाव्या पायाला यंत्र टेकवलं. बारीक, दूरवरून आल्यासारखा, पण आवाज आला. सूं-सूं. बाई हसल्या. सिंधू शेजारी उभी होती, तिनं यंत्राला हात जोडले. मी खाली बघत राहिलो.

स्टँड

अटीच्या दिवशी सिंधूची बॅग गजाननच्या मोटरसायकलवर आधीच पुढं पाठवली होती. आम्ही दोघं पायी निघालो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण आम्ही दोघं असं शेजारी शेजारी रस्त्यानं कधी चाललो नव्हतो. ती नेहमी गाडीत मागं बायकांमध्ये बसायची.

पाण्याच्या टाकीपर्यंत आलो. एक किलोमीटर तरी झाला असेल. पोटरी दुखत नव्हती. थोडी जड झाली होती, तेवढंच. टाकीच्या सावलीत मी थांबलो, वाकलो आणि पोटरी धरली.

"काय झालं?"

"दुखते."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. "कोणता पाय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी उजवी पोटरी धरली होती.

मी हात काढला नाही. काढून कुठं ठेवणार? ती रागावेल असं वाटलं. ती रागावली नाही. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तोंडानं म्हणा लागते ना. पायाले कायले मंधी आनता?"

"काय म्हणू?"

"आता तेबी मीच सांगू?"

मी सरळ उभा राहिलो. पस्तीस वर्षांत हे वाक्य मी बोललो नव्हतो. ती बाळंतपणाला माहेरी जायची तेव्हा नाही आणि पुण्याला निघाली तेव्हाही नाही. म्हटलं, "नको जाऊ, सिंधू. मले एकट्याले लय कठीण जाते."

ती रडली. रस्त्यावर, दिवसाढवळ्या. मीही रडलो. मग ती म्हणाली, "पोरगं लहान हाय अजून. त्याले शाळेत घालू द्या." मी मान हलवली. आम्ही पुढं चालायला लागलो आणि मी मध्ये कुठंही थांबलो नाही.

मेहकरची एसटी लागलेलीच होती. गजाननानं बॅग दारापाशी आणून ठेवली. कंडक्टरनं "चला बाई" म्हटलं. सिंधूनं एक पाय पायरीवर ठेवला. मग काढला. बॅग उचलली, मागं आली आणि बाकड्यावर माझ्याशेजारी बसली. "जाऊ द्या हे," ती कंडक्टरला म्हणाली.

अठ्ठावीस वर्षं मी लोकांना गाडीत बसवलं. बोलणं अर्धवट टाकून, चहा अर्धा ठेवून, हात सोडवून माणसं गाडीत चढताना रोज पाहिली. लागलेली गाडी कोणी कोणासाठी सोडलेली मला आठवत नाही.

पाऊण तास आम्ही बसलो. फार काही बोललो नाही. तिखटाचा डबा कुठं आहे, गॅसचा नंबर कधी लावायचा, नातवाला कोणता दात येतोय, असलंच. मग पुढची गाडी आली आणि तिच्यात ती बसली.

मी पायी घरी आलो. हातपाय धुतले, तळपाय आरशात पाहिला. मग मी स्वतःहून फोन लावला. ती अजून मेहकरलाही पोचली नसेल.

"काय झालं? पाय दुखते काय?" ती घाबरून म्हणाली.

"पाय चांगला हाय," मी म्हटलं. "मले करमून नाही राह्यलं."

बसचा आवाज कमी झाला, तिनं फोनवर हात धरला असावा. मग ती म्हणाली, "मलेबी."